माझ्या पोटातली खिरापत

मी बोलतोय कौसल्याबाईंच्या बैठकीच्या खोलीतून, खिडकीखालच्या टेबलावरून. मी त्यांचा कॉम्प्युटर. जुना म्हटलं की मला राग येतो, पण खोटं कशाला बोलू? पंखा घरघरतो, आणि मी जागा होईपर्यंत बाईंचा चहा उकळून होतो. डोकं मात्र शाबूत आहे हो!

मला आणलं ते केयूरसाठी, बाईंच्या मुलासाठी. तो तेव्हा इंजिनीअरिंगला होता. अभ्यासाच्या नावाखाली पठ्ठ्यानं गेममध्ये इतक्या गाड्या पळवल्या, की कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, लॅपटॉप मिळाला, आणि माझ्या अंगावर क्रोशाचा रुमाल पडला. रुमालावर रद्दी, रद्दीवर शेजारची मांजर. माणसांचं असंच असतं. वस्तू टाकवतही नाही आणि वापरवतही नाही.

बाई शाळेतून रिटायर झाल्या आणि माझं नशीब पालटलं. त्यांना भुलाबाईच्या गाण्यांचं भारी वेड. आमच्याकडे कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखतात. पण जुनी गाणी आता म्हाताऱ्यांनाच पाठ. म्हणून बाई मोबाइल घेऊन कधी काटोलला, कधी कन्हानला जायच्या, गाणी रेकॉर्ड करायच्या आणि माझ्या पोटात आणून ठेवायच्या. त्यात काटोलच्या सिंधूताईंचा आवाज म्हणजे काय सांगू, खणखणीत! पुढे एका दुखण्यात त्यांचा गळा बसला तो बसलाच. आता बोलतात तेही कुजबुजल्यासारखं. यंदा कोजागिरीला बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. स्वतःचं गाणं सिंधूताईंनी कधी ऐकलंच नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच माझं पोट तुडुंब भरलं. गाणं ठेवायला गेलं की मी आपला "जागा नाही" म्हणायचो. दसऱ्यासाठी घरी आलेला केयूर म्हणाला, "आई, दे याला भंगारात."

"काहून? तुहं पोट भरलं म्हणून तुले मी कधी घराबाहेर काढलं काय?"

केयूर हसला आणि त्यानं माझं झाकण उघडलं. आत आणखी दोन हार्ड डिस्क बसतील एवढी जागा निघाली! त्यानं जरीपटक्याच्या बाजारातून एक आणली, स्क्रू आवळले, वायर खोचली. मला दुसरं पोट मिळालं. बाईंनी सगळी गाणी तिकडे हलवली आणि मोबाइलमधून, माझ्या जुन्या पोटातूनही पुसून टाकली. एक वस्तू एकाच जागी, हा त्यांचा स्वयंपाकघरातला नियम.

दसऱ्याच्या सकाळी बाई म्हणाल्या, "शिलाई मशीनची पूजा होते, स्कूटीची होते, मग गाण्याच्या डिस्कची काहून नाही? काढ गा तिले बाहेर."

डिस्क पाटावर बसली. तिला कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. मग बाईंनी माझ्या उघड्या पोटातही चिमूटभर ओल्या अक्षता टाकल्या. मला तर गुदगुल्याच झाल्या. केयूरनं डिस्क परत बसवली, मला चालू केलं, आणि डिस्क दिसेचना!

केयूरनं वायर काढली, लावली, पुन्हा काढली. त्याचा चेहरा उतरला. "आई, गाणी आणखी कुठं ठेवली आहेस ना?"

"नाही रे." बाई म्हणाल्या. "सिंधूताई येऊन राहिल्या कोजागिरीले. त्यांले आता मी काय ऐकवू?" त्यांचे डोळे भरून आले.

मला सगळं ठाऊक होतं हो! अक्षतेचा एक दाणा वायरीच्या तोंडात जाऊन बसला होता. पण सांगू कसं? मी जीव खाऊन पंखा घरघरवला. केयूर म्हणाला, "पंखाही गेला वाटतं." घ्या!

त्यानं मला बंद केलं. बाईंनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि टॉर्च घेतला. "तांदूळ तरी वेचून घेते. नाही तर मुंग्या होतील." जन्मभर तांदूळ निवडलेला हात तो! एकेक दाणा उचलत त्या वायरीपाशी आल्या. "अरे, याच्या तोंडात पण एक बसला आहे गा."

केयूर ताडकन उठला. सुईनं दाणा काढला, वायर पुसली, वाळवली, लावली. मी जागा झालो आणि सगळी गाणी जिथल्या तिथे! बाईंनी चक्क माझे गालगुच्चे घेतले, म्हणजे स्क्रीनचे. दुसऱ्याच दिवशी केयूरनं आणखी एक डिस्क बसवली आणि गाणी तिच्यातही भरली.

"दोन जागी पसारा झाला, आई."

"होऊ दे. असा पसारा पाहिजेच."

कोजागिरीच्या संध्याकाळी मुली जमल्या. सिंधूताई बसनं आल्या. बाईंनी गाणं लावलं.

"कोण वं हे?" सिंधूताई कुजबुजल्या. "बरी गाऊन राहिली."

"तुम्हीच आहात!"

सिंधूताई हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मुलींनी गाणं उचललं. गाणी संपल्यावर खिरापतीचा डबा फिरला. कोणी चिवडा म्हणे, कोणी लाडू. सिंधूताईंनी मात्र हात माझ्यावर ठेवला.

"या डब्यातली खिरापत म्या ओळखली."

"काय आहे आजी?"

"माहा गळा!"

तेव्हापासून माझ्यावर रुमाल नाही. पुढच्या दसऱ्याला माझी पूजा जरूर करा, बाई. फक्त अक्षता झाकण लावून टाका. आत आता सिंधूताई राहतात.