ताकदीची गोळी

मुलांनो, समजा, तुम्ही आत्ता धुळ्याला, देवपुरातल्या एका दातांच्या दवाखान्यात बाकावर बसला आहात. साल अठ्ठ्याण्णव. एकच खोली. समोर खुर्चीत तुमची आई तोंड उघडून बसली आहे, डॉक्टरांच्या हातात चकचकीत चिमटा आहे, आणि आईनं लपवलेली गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक आहे! धडधडतंय ना छातीत? कुंदाचंही अगदी तसंच झालं होतं.

खरं तर घरात नुसती धमाल उडाली होती. परवा झुलालमामाची हळद! आणि हळदीची गाणी म्हणणार होती कुंदाची आई, मंजुळाबाई. जी बाई वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडायची, चुलीवर दूध उतू गेलं तरी उठायची नाही, ती आता खापरावर मांडे टाकता टाकता गुणगुणत होती. जळगावच्या मनाच्या डॉक्टरांच्या गोळीनं हा पालट केला होता. पण मनाची गोळी म्हटलं की लोक वेडी ठरवतील, म्हणून मंजुळाबाईंनी तिला नाव दिलं, 'ताकदनी गोळी'. कुणाला सांगायचं नाही, असं कुंदाकडून वचनही घेतलं.

आणि ऐन लग्नात दाढ ठणकली. मंजुळाबाईंनी दुकानातून दुखण्याच्या लाल गोळ्या आणल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि दाढ ठणकली की घे एक, असा सपाटा लावला. आज सकाळी चूळ भरली तर पाणी लाल. दंडावर कुठं आपटलं नसताना काळेनिळे डाग. कुंदाला जळगावच्या डॉक्टरांचे शब्द आठवले. "या गोळीनं कुणाकुणाचं रक्त लवकर थांबत नाही. त्यात दुखण्याची गोळी घेतली तर धोका वाढतो. दात काढायचा झाला तर आधी सांगा."

पण सांगणार कसं? शेजारीच सुमनबाई बसल्या होत्या, होणाऱ्या मामीची आई! बस्त्याला आल्या होत्या, तशाच सोबतीला आल्या.

"कुठलं औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नही. एक ताकदनी गोळी शे," मंजुळाबाई म्हणाल्या.

"ताकद ते चांगलीच दिखी राह्यनी!" सुमनबाई खळखळून हसल्या. "काढा वो अक्का ती दाढ, आनि गानासले उभ्या ऱ्हा!"

डॉक्टरांचा हात पुढे आला.

"थांबा!" कुंदा ताडकन उठली. "डाक्टरसाहेब, ती ताकदनी गोळी नही शे! मननी गोळी शे! तिनावर रगत लवकर थांबस नही!"

"कुंदे, चूप बस!" आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"मननी?" सुमनबाईंचं हसू विरलं. "म्हनजे काय वो, अक्का?"

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "शाबास, पोरी! ताई, गोळी वाईट नाही. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही, नाहीतर जुनं दुखणं परत येईल. मी जळगावला फोन लावून विचारतो. आज दाढेला हात लावायचा नाही. आता खरं सांगा, दुखण्याची गोळी घेतलीत का?"

मंजुळाबाईंनी सुमनबाईंकडे चोरून पाहिलं. आधीच एक गुपित उघडं पडलं होतं. "नही," त्या पुटपुटल्या. "एक बी नही."

पंखा घरघरत होता. कुंदाच्या मनात आलं, मामाचं लग्न मोडलं तर? आई पुन्हा भिंतीकडे वळली तर? आणि रक्त थांबलंच नाही तर?

कुंदा खुर्चीजवळ गेली. एका हातानं तिनं आईचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हातानं आणि दातांनी आईच्या पदराची गाठ सोडली, आणि आतल्या उरलेल्या लाल गोळ्या डॉक्टरांच्या तळहातावर ओतल्या.