जैनोद्दीनचाचांचा सत्कार

जैनोद्दीनचाचांनी तीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, आणि सुनेच्या उमेदवारीचा एबी फॉर्म आणायला जायचं कुठं, तर नळदुर्गच्या रस्त्यावर रणधीरशेठच्या खडी क्रशरवर! आता बोला! पण पक्षाचं कार्यालय शेठच्या गाळ्यात, सभेचा मंडप शेठचा, प्रचाराच्या गाड्यांत डिझेल शेठचं. मग फॉर्म तरी दुसऱ्या कुणाकडं असणार?

अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. तीनला मुदत संपायची. सून यास्मिन गावची सरपंच; जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणून सकाळपासून तुळजापूरला तहसीलमध्ये बसली होती. अडचण एकच. गावामागची टेकडी शेठला खडीसाठी पाहिजे होती, आणि ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर यास्मिन सही करत नव्हती. टेकडीच्या पायथ्याला अख्ख्या गावाची एकच विहीर. सुरुंग लागले की झरे गेलेच म्हणून समजा. सही करू नको, असं चाचांनीच तिला बजावलं होतं.

"या चाचा, बसा!" शेठ उठून उभा राहिला. चहा आला. मग त्यानं टेबलाच्या खणातून तीन पाकिटं काढून मांडली. तीन पक्षांचे तीन फॉर्म!

"कोण बी निवडून येऊ द्या, माणूस आपलाच. सूनबाई आपल्या पक्षाकडनं यावी, एवढीच इच्छा हाय."

चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. "दाखल्याचं म्हणत असाल तर जमायचं न्हाय, शेठ. गाव तहानंनं मरंल."

"मी दाखल्याचं नाव तरी काढलं का?" शेठ हसला. तो चिडला नाही, याचीच चाचांना जास्त धास्ती वाटली. "तुमचा मान वेगळा हाय. सत्कार घेतल्याबिगर जायचं न्हाय."

खांद्यावर शाल, हातात नारळ, मोबाईलवर फोटो. सत्काराला नाही कोण म्हणतं हो? पुन्हा चहा आला. चाचा फॉर्म मागायचे, शेठ नुसता "बसा की" म्हणायचा. दोन वाजून गेले तसा चाचांचा धीर सुटला. आग लागो त्या तिकिटाला! "ऱ्हाऊ द्या तुमचा फॉर्म," म्हणत ते तरातरा बाहेर पडले. शेठनं अडवलं नाही. उलट फाटकापर्यंत सोडायला आला.

रस्त्यावर पाय ठेवतात तोच यास्मिनचा फोन.

"अब्बा, भरला अर्ज! शेठचे मॅनेजर गुंडाप्पा फॉर्म घेऊन आले. तुमचा सत्काराचा फोटो दाखवला, म्हणले चाचांनी होकार दिलाय. दाखल्याचा कागद बी संगंच आणला होता. तुमचा शब्द म्हणल्यावर काय इचारायचं? केली सही." मागं हलगी वाजत होती, बायका तिच्या नावानं ओरडत होत्या. तिचा आवाज जरा खाली आला. "बराबर केलं ना, अब्बा?"

नाही म्हणायचा अवकाश, पोरीनं तिथल्या तिथं कागद परत मागून फाडला असता आणि तिकिटावर पाणी सोडलं असतं. चाचांना हे पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षांत तिकीट पहिल्यांदा घरात आलं होतं.

"बराबर केलंस, बेटा," चाचा म्हणाले. "फक्त सहीचं गावात कुणाला बोलू नको."