समुद्रपूरचा शब्द

"काकू, अंकुश कोनाकोनासंग खेळे, मालूम हाय काय तुमाले?" वर्षालीने फोनवर रेकॉर्डिंग सुरू करत विचारलं.

"मले काय मालूम, बाई. तो कानात फोनची बोंडं खुपसून बसे अन् मी चिल्लावत राहो."

समुद्रपूरच्या शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवणाऱ्या आनंदाबाईची जीभ साऱ्या गावाला ठाऊक होती. मोबाइलवर खेळणाऱ्या लेकाला तिने दिल्या तेवढ्या शिव्या खिचडीच्या करपलेल्या गंजालाही दिल्या नसतील. दीड वर्षापूर्वी जाम गावच्या चौकात ट्रकने त्याची गाडी उडवली, त्यात तो गेला. आणि ही हिंगणीची पोरगी हैदराबादच्या विद्यापीठात त्याच खेळांचा अभ्यास करत होती. कोणत्या देशातली मुलं कशी खेळतात, आपसांत काय बोलतात. शिकलेल्यांना कामं तरी काय काय असतात, असं आनंदाबाईला वाटलं.

वर्षालीने फोन पुढे केला. "हे इंडोनेशियातले पोट्टे. खेळ संपला का सारे 'येजो' लिवतेत. अर्थ त्याहिले मालूम नाई. मी हुडकत गेली, तं पह्यले लिवनारा तुमचा अंकुश निघाला."

इंग्रजी अक्षरं आनंदाबाईला वाचता येईनात, पण शब्द तिने कानाने लगेच ओळखला. निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरचं माणूस त्याला 'येजो', परत ये, म्हणतं. एवढी साधी रीत.

"त्या दिवशी तो 'येतो माय' म्हने," ती हळू आवाजात बोलू लागली. "नजर फोनात. माहं डोकं फिरलं. मी म्हनलं, 'जाय'."

हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वर्षालीने रेकॉर्डिंग बंद केलं. चहावर साय धरली.

"काकू, अंकुश गेला हे त्या पोट्ट्याहिले मालूम नाई," शेवटी वर्षाली म्हणाली. "त्याहिले वाटते, त्यानं खेळ सोडला. कवा येते म्हनून अजून इचारतेत. सांगून देऊ काय?"

आनंदाबाईने पदराने तोंड पुसलं. दीड वर्षात संध्याकाळी दारापाशी गाडी वाजली, तरी तिची मान वर होत नव्हती.

"नोको सांगू," ती म्हणाली. "मले त्याची वाट पाहता येत नाई आता. त्याहिले पाहू दे."