उणे चाळीस अंशांची कृपा

मे महिन्यातला रविवार. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीसेक माणसं एका पांढऱ्या गाडीभोवती हात जोडून उभी होती. सकाळी अकरालाच पारा छत्तिसावर गेला होता आणि गाडीला जोडलेल्या मोबाइलवर आकडा दिसत होता: बॅटरीचं तापमान उणे चाळीस.

"हिमालय उतरला आहे," हिमानंद महाराज म्हणाले. सगळे वाकले. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मीही वाकलो. वर्गणीदारांच्या विरोधात जायची मला सवय नाही.

गाडी दिग्विजयची. मूळचा यवतमाळचा, इथे आयटी कंपनीत. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी ही हायब्रिड गाडी त्यानं जुनी घेतली होती. मागच्या सीटखालची तिची मोठी बॅटरी महिनाभर तापत होती. गॅरेजवाल्यानं न उघडताच बॅटरी बदला म्हणून सांगितलं, तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी महाराज सुचवले. वाहनात अग्नितत्त्व कोपलं आहे, असं महाराजांचं निदान. त्या सकाळी सर्वांना पाठ फिरवायला लावून ते दहा मिनिटं भस्म घेऊन मागच्या सीटशी बसले. त्यानंतर आकडा उणे चाळीसवर गेला आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवाही लागला. तो नंदादीप आहे, गॅरेजमध्ये नेऊन विझवू नका, नाहीतर कृपा निघून जाईल, असं त्यांनी बजावलं.

दिग्विजयची बायको ऋतुजा सात महिन्यांची गरोदर. दुसऱ्या दिवशी याच गाडीनं ती माहेरी, यवतमाळला निघणार होती. ती जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली आणि उत्कर्षाताईंना घेऊन आली. उत्कर्षाताई आयटीआयमध्ये गाड्यांचं वायरिंग शिकवतात.

बॅटरीला हात लावून बघू का, असं ताईंनी नम्रपणे विचारलं. महाराज म्हणाले, "ही सूक्ष्म थंडी आहे. देहाला जाणवत नाही."

"मग बॅटरीला तरी कशी जाणवणार?"

ताईंनी हातमोजे घातले, जास्त दाबाच्या विजेच्या नारिंगी वायरींना कुणी शिवू नका म्हणाल्या आणि सीटखालचं झाकण काढून थर्मामीटर टेकवला. एक्कावन्न अंश. बाजूला एक बारीक वायर सुटून लोंबत होती. तिच्या पिनेवर भस्म होतं.

मग त्यांनी आमच्याच घरून गरम पाणी आणि बर्फ मागवला. पिशवीतला तापमान मोजणारा एक सुटा सेन्सर मीटरला जोडून पाण्यात धरला. गरम पाण्यात मीटरवरचा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा घसरला, बर्फात चढला. वायर काढली तेव्हा मीटरनं मोजायचंच सोडलं. त्या म्हणाल्या, गाडीचा कॉम्प्युटर तापमान असंच ओळखतो, अडथळा जितका जास्त तितकी थंडी जास्त. वायरच सुटली की त्याला वाटतं, आता थंडीची हद्द झाली. त्याच्या पट्टीचं खालचं टोक उणे चाळीस, म्हणून तो तेच दाखवतो आणि बिघाडाचा दिवा लावतो.

त्यांनी लोंबती पिन बसवली. मोबाइलवर एक्कावन्न आले आणि बॅटरीचा पंखा घरघरू लागला. पिन काढली, उणे चाळीस, पंखा बंद. पुन्हा बसवली.

"दिग्विजय, बॅटरी आत शिजत होती आणि पंखा ती गार झाली समजून झोपला होता. तिच्यावर ऋतुजा बसणार होती."

दिग्विजयला ऋतुजाकडे बघता येईना.

मूळ दुखणं साधं निघालं. मागच्या सीटशेजारच्या हवेच्या जाळीत धुळीचा नि कापसाचा गठ्ठा अडकला होता. तो काढल्यावर अर्ध्या तासात आकडा अडतिसावर आला. दरम्यान महाराजांना राग आला. संशयानं शक्ती भंगते, असं सांगून ते निघाले. त्यांचं पूर्वी स्वारगेटजवळ गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं, म्हणजे सीटखाली काय असतं ते त्यांना ठाऊक होतं, हे सोमवारी पोलीस चौकीत तक्रार देताना कळलं.

ताईंनी दोन दिवस कात्रजच्या चढावर गाडी पळवून आकडे तपासले, मगच जोडप्याला जाऊ दिलं. ऋतुजा यवतमाळला सुखरूप पोचली.

वाचकहो, न समजणारी गोष्ट दिसली की लाज न धरता विचारा, मोजा, पुन्हा मोजा. उत्कर्षाताईंना आम्ही वेड्यासारखे प्रश्न विचारले, त्या एकदाही चिडल्या नाहीत. प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्या हाती गाडीसुद्धा देऊ नये. घरची माणसं तर नाहीच.