पत्रूभाऊ गोड बोलू लागले

घुग्घुसच्या खाणीवर डंपर चालवणाऱ्या पत्रूला नावं ठेवायला कुणी सापडलं नाही, असा दिवस त्याच्या बायकोने, साधनाने, सगळ्या संसारात पाहिला नव्हता. सुपरवायझर बिनडोक, शेजारी कोडगा, टीव्हीवर बोलणारे सगळे बाजारबुणगे. वरणात मीठ कमी पडलं की तिच्या माहेरचा उद्धार. माहेर मूल गावचं, आणि तिथला तिचा धाकटा भाऊ लहानू म्हणजे तर पत्रूच्या जिभेला खास पक्वान्न. साधनाही काही तोंड शिवून बसणारी नव्हती. दोघांचं भांडण ऐकत गल्लीचा चहा व्हायचा.

खाणीतल्या उखडलेल्या रस्त्यांवर आदळून आदळून पत्रूची कंबर गेली. कळ ढुंगणातून निघायची, मांडीच्या मागून उतरायची आणि थेट पायाच्या करंगळीत जाऊन डसायची. बसवत नसे, निजवत नसे. लगेच सगळं घुग्घुस वैद्य झालं. ज्यांना स्वतःचा खोकला बरा करता येत नव्हता ते येऊन तेलं सांगून गेले. कुणीतरी एक पायाळू बाई धरून आणली; पायांकडून जन्मलेल्याची लाथ कमरेला गुणकारी म्हणतात. तिने पत्रूला पालथा घालून अशी लाथ हाणली, की तो आठवडाभर भिंत धरून संडासला गेला. बाई मात्र जाताना शांतपणे म्हणाली, "नस बसली जी. आता थोडी ठणकनच."

शेवटी चौकातल्या मेडिकलवाल्या चंदनने एक कॅप्सूल दिली. ती घेतल्यावर पत्रू लाकडासारखा झोपला. साधनाला बरं वाटलं. मग शिफ्टच्या आधी एक, शिफ्टमध्ये एक, घरी आल्यावर एक, असं सुरू झालं.

आणि पत्रू गोड झाला.

पिठलं करपलं, तर तो म्हणाला, "छान झालं." सुपरवायझरविषयी म्हणाला, "गरीब आहे बिचारा." शेजारीण साधनाला म्हणाली, "तुमच्या मालकाचा स्वभाव लय सुधरला, बाई!" साधना पहिले काही दिवस फुशारली. नंतर तिला कसंतरीच वाटायला लागलं. भांडायला तोंड उघडावं तर समोरून नुसतं हसू यायचं, तेही अर्ध्या डोळ्यांचं.

त्यातच लहानू आला. त्याने आजवर एकही धंदा धड केला नव्हता. या खेपेला तो चुंबकाचे कमरपट्टे विकत होता.

"भाऊजी, हा पट्टा बांधला की रक्तातलं लोह सरळ रांगेत लागते," तो म्हणाला.

साधनाने कपाळावर हात मारला. रांगेत उभं राहायला रक्त काय रेशनच्या दुकानात चाललं होतं? आता पत्रू याची सालटी काढणार, म्हणून ती दारात येऊन उभी राहिली.

पत्रू लहानूकडे पाहून मंद हसला. "लहानू, तू मोठा हुशार माणूस आहेस," म्हणाला, आणि पट्टा घेतला.

ज्या माणसाने लग्नाच्या मांडवात लहानूला गाढव म्हटलं होतं, तो आज त्याला हुशार म्हणत होता. हा माणूस जागाच नव्हता.

त्याच आठवड्यात पत्रूचा डंपर मातीच्या ढिगावर मागे जाता जाता कडेच्या बांधावर चढला. थोडक्यात निभावलं, नाहीतर गाडी खाली गेली असती. पत्रू घरी येऊन सांगत होता ते दुसऱ्या कुणाचं झाल्यासारखं. "डोळा लागला वाट्टे," म्हणाला, आणि जांभई दिली.

साधना तडक मेडिकलवर गेली.

"चंदन, ह्या गोळ्या कायच्या आहेत?"

"दुखण्याच्या, बाई. त्याईले आराम पडते ना?"

"डॉक्टरची चिठ्ठी कुठी आहे?"

"आपल्या घरच्या माणसाले चिठ्ठी कायले लागते?"

"घरचा? तुया घरचा असता तर त्याले नशा देऊन डंपरवर बसवला असता का रे? डोमा कावळाही आपल्या पिल्लाले इतका वाईट चारा देत नाई!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. चंदनने काउंटर पुसायला घेतला.

घरी येऊन साधनाने उरलेल्या कॅप्सूल मोरीत ओतल्या. तिला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी पत्रूचं नाक वाहायला लागलं, अंगाला घाम, पोट बिघडलं, पाय जागेवर ठरेनात. कळ तर दुप्पट. घाबरून तिने त्याला चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने पत्रूला नाही, आधी तिलाच सुनावलं. "एकदम बंद करायला कोणी सांगितलं? अफूच्या जातीचं औषध आहे हे. शरीराला सवय लागते. हळूहळू उतरवावं लागतं." मग त्याने पत्रूचा पाय उचलून पाहिला, अंगठ्यातला जोर पाहिला, लघवीवर ताबा आहे ना ते विचारलं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली जात होती. पायात जोर होता, म्हणून ऑपरेशनची घाई नव्हती. कॅप्सूल कमी करत न्यायची, नसेसाठी वेगळी गोळी, डंपर काही काळ बंद, आणि व्यायाम.

तिथल्याच व्यायाम शिकवणाऱ्या रीना मॅडमनी पत्रूला पालथं निजवलं आणि कोपरांवर छाती उचलायला सांगितली.

"हे औषध आहे?" पत्रू गुरगुरला. "मी का सरडा आहो, मान वर करून पडून राहाले?"

"सरड्याची कंबर दुखताना पाहिली का कधी?" मॅडम म्हणाल्या. "उचला."

घरी तो रोज चटईवर पडे आणि जगाला शिव्या घाली. फिरायला पाठवलं तर धुळीला, ट्रकांना, फटफटीवाल्या कामगारांना नावं ठेवत फिरून येई. पंधरवड्याने तो रीना मॅडमसमोर फणफणत उभा राहिला.

"तुमच्या व्यायामानं दुखणं वाढून राह्यलं. पायातून निघून कमरेत घुसलं!"

"पायात आता किती आहे?"

"पायात नाई. म्हणून का नाचू?"

"नाचा," त्या म्हणाल्या. "नस मोकळी होते तेव्हा कळ अशीच वर सरकते."

पत्रूला काही ते पटलं नाही. पण त्या दिवशी परतताना तो बसमध्ये घुग्घुसपर्यंत बसून आला. साधनाने पाहिलं, आणि मुद्दाम बोलली नाही. बोलली असती तर तो उभा राहिला असता.

कॅप्सूल सुटायला पावसाळा गेला. कंबर अजून धरते, थंडीत जास्त. खाणीत आता तो गाड्यांना हात करून वाट दाखवण्याच्या कामावर आहे आणि त्या कामाला तो शेळ्या राखणं म्हणतो.

परवा त्याच्यासोबतचा डंपरवाला धनराज वाकडा चालत घरी आला. पत्रूने त्याला अंगणात पालथा पाडला आणि काठी घेऊन डोक्याशी बसला.

"छाती उचल. अजून. खाताना बरा जोर येते तुले!"

"पत्रूभाऊ, हे माह्याच्यानं होत नाई," धनराज कण्हला. "तुमच्यापाशी एखादी कॅप्सूल उरली असन तं..."

"आहे ना," पत्रू म्हणाला. "ती घे, आणि मंग माह्या साळ्यालेही हुशार म्हण."

आत भाकरी थापता थापता साधना ओरडली, "माह्या भावाचं नाव नाई घेवाचं, सांगून ठेवतो!"

"काऊन नाई? गाढवाले गाढव नाई म्हनाचं तं का डॉक्टर म्हनाचं?"

साधनाने भाकरी तव्यावर टाकली आणि उत्तर द्यायला बाहेर आली. धनराज दोघांच्या मधोमध पालथाच पडून होता.