ओळ सोडली की सेव्ह

डायलिसिस केंद्राच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईच्या नाकी नऊ आणले होते ते तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने. रुग्णांच्या वेळांचा कॉम्प्युटरवरचा तक्ता त्यानेच बनवला होता आणि त्यात एक शहाणपणा करून ठेवला होता. एका रुग्णाच्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलं, की आधीची ओळ आपोआप सेव्ह व्हायची आणि त्या रुग्णाला लगेच मेसेज जायचा.

एकट्याची वेळ बदलायची असली तर ठीक. पण आजच्यासारखं शिंपीकाकांना दुपार हवी आणि त्याच मशीनवरच्या बसड्रायव्हरला सकाळ, असं झालं की तिथेच घोडं पेंड खायचं. एका वेळेला दोन नावं तक्ता घेईना. मग आधी एकाची वेळ रिकामी करून दुसऱ्याच्या ओळीत जावं लागायचं. तेवढ्यात पहिल्याला मेसेज गेलेला असायचा, तुमची वेळ रद्द झाली आहे म्हणून.

"अरे, दोन्ही ओळी भरून झाल्या की मी सांगेन तेव्हाच सेव्ह होऊ दे ना," ताई कधीची कानीकपाळी ओरडत होती.

"मग तू सेव्ह करायलाच विसरशील, ताई. आणि नव्या वेळेचा मेसेज जातोच की मागोमाग. मिनिटाचा तर प्रश्न."

आज तिचं डोकंच फिरलं. तिने त्याला दंडाला धरून आपल्या खुर्चीत बसवलं.

"कर काकांची आणि ड्रायव्हरची अदलाबदल. मी हात लावणार नाही."

भावाने ऐटीत काकांची वेळ रिकामी केली, ड्रायव्हरच्या ओळीत गेला आणि सकाळची वेळ टाकू लागला, तोच काउंटरवरचा फोन वाजला. ताई जागची हलली नाही. शेवटी त्यानेच उचलला.

"बाळा, यांचं रद्द झालं म्हणे," शिंपीकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "मागच्या वेळी हे नर्सवर चिडले, त्याचा राग आला का रे कुणाला? तसा स्वभाव नाही त्यांचा. पण मशीन बंद नका करू."

भाऊ घाईघाईने म्हणाला, "नाही हो काकू, तसं काहीच नाही. तुम्हाला दुपारची वेळ..." त्याने समोर पाहिलं. काकांच्या ओळीत अजून काहीच नव्हतं.

तेवढ्यात काकूंनी फोन काकांच्या हातात दिला होता.

"चुकलं माझं, साहेब," काका म्हणाले. "नर्सबाईंची माफी मागतो मी."

भाऊ "अहो, नका" म्हणत राहिला आणि काका माफी मागत राहिले.