काकांना पैकीच्या पैकी

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. डोंबिवली एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे राहतो. माझ्या पाठीवर 'बिघडलेला' अशी चिठ्ठी होती, तिचा डिंक अजून निघालेला नाही. खरं सांगतो, मी एक दिवसही बिघडलो नव्हतो.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात, कामगारांचं प्रशिक्षण बघणाऱ्या सलिल सरांनी माझ्या पोटात धडे भरले. मालाची नोंद आता वहीत नव्हे, माझ्यावर होणार होती. प्रत्येकाने धडे बघायचे आणि दहा प्रश्नांची परीक्षा द्यायची, तीही शुक्रवारच्या आत. मी कारखान्यात आलो तेव्हा माझे काय लाड झाले! कँटीनच्या शांताबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. कुंकू कॅमेऱ्यावर सांडलं आणि मला सगळं जग लाल दिसू लागलं.

स्टोअरचे गोपीनाथकाका निवृत्तीला आलेले. जन्मभर पुठ्ठा हाताळून त्यांची बोटं इतकी कोरडी पडली होती की मला स्पर्शच कळेना. ते दाबत आणि मी ढिम्म. मग कागद मोजताना वापरायच्या ओल्या स्पंजवर बोट टेकवून ते पुन्हा दाबत, की मी एकदम दोन पानं पुढे पळे. तरी काका हटले नाहीत. पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करत.

पॅकिंगमधल्या हेमाला ते बघवेना. हाताची चपळ, मनाची हळवी पोर. ती म्हणाली, "द्या इकडे काका. मी करते, तुम्ही चहा घ्या."

त्यात कपट नव्हतं. त्या कारखान्याची रीतच होती तशी. एकाने दुसऱ्याचा डबा गरम करायचा, रजेचा अर्ज लिहून द्यायचा, तशीच परीक्षाही देऊन टाकायची. बोट हेमाचं, नाव काकांचं. मी मुकाट हिरवी खूण दाखवली. दहापैकी दहा.

सलिल सर खूश झाले. "या वयात पैकीच्या पैकी! कल्याणच्या नव्या गोदामातल्या लोकांना आता काकाच शिकवतील."

हेमाचा चेहरा उतरला. काका एक शब्द बोलले असते तर सुटले असते, पण हेमा अडकली असती. ते कल्याणला जायला तयार झाले.

कल्याणला सगळे गोल करून उभे राहिले. काकांनी मला हातात घेतलं आणि बोट दाबलं. मी ढिम्म. स्पंज लावला, मी पळालो. कुणीतरी हसलं, "काका, पैकीच्या पैकी ना?" मग सगळेच हसले. मदतीला आलेली हेमा दाराशी मान खाली घालून उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हा टॅब बिघडलाय."

अशी मला चिठ्ठी चिकटली आणि मी डोंबिवलीच्या कपाटात गेलो.

काका हेमावर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते पूर्वीसारखंच विचारत, "जेवलीस का गं?" आणि ती अर्धा डबा तसाच झाकून ठेवी. कपाटाशी यायची, कडीला हात लावायची आणि परत जायची. मित्रांनो, अपराधी माणसाची पावलं कपाटातूनही ओळखू येतात.

शेवटी एक दिवस तिने मला बाहेर काढलं, चिठ्ठी ओरबाडली आणि सलिल सरांपुढे ठेवलं.

"सर, टॅब चांगलाय. काकांची परीक्षा मी दिलेली. त्यांनी मला वाचवलं आणि माझ्यामुळे सगळ्यांसमोर हसं झालं त्यांचं."

सरांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "शुक्रवारची घाई मीच लावलेली. आता घाई नाही. पण परीक्षा पुन्हा होणार, ज्याची त्याने द्यायची."

सरांनी काकांसाठी रबरी टोकाची पेन्सिल आणली. ती मला नीट कळते. काका पहिल्या धड्याला बसले, शेजारी हेमा. ते अडखळले की तिचा हात सवयीने पुढे येई.

"हेमा, हात," काका म्हणत. ती हात मांडीखाली दाबून बसे.

परीक्षा झाली. दहापैकी चार. मी लाल खूण दाखवली. काका मला घेऊन कँटीनभर फिरले. "बघा रे, हे चार माझे आहेत." शांताबाईंच्या मागे उभी राहून हेमा डोळे पुसत होती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पाडू नका, ओल्या हाताने धरू नका. पण शिकणाऱ्या माणसाला त्याहून जपा. तो चुकत असेल तर चुकू द्या, आणि आपला हात तेवढा आवरा.